पिचर घेताना ॲक्शन पाहावी की दुखापतींचा इतिहास?

उत्तर भरकटू नये म्हणून आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आपण मित्रांसह बारा संघांची फँटसी बेसबॉल लीग (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळवणारे काल्पनिक संघ) खेळता आणि तीत खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडे राखता येतात. एका चांगल्या आउटफिल्डरच्या (मैदानाच्या बाहेरच्या भागातील क्षेत्ररक्षकाच्या) बदल्यात दोन पिचरांपैकी (बेसबॉलमधील गोलंदाजांपैकी) एक घेण्याचा प्रस्ताव आपल्यासमोर आहे. पहिला २३ वर्षांचा असून ताशी ९९ मैल वेगाने फेकतो, त्याला आजवर दुखापत झालेली नाही, पण त्याची ॲक्शन, म्हणजे फेकण्याची ढब, ओबडधोबड आहे आणि चेंडू सोडताना त्याचे डोके बाजूला झटकते. दुसरा ३१ वर्षांचा आहे, त्याची ॲक्शन पाठ्यपुस्तकातल्यासारखी नेटकी आहे, परंतु तीन वर्षांपूर्वी त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेल्या लिगामेंटच्या जागी टेंडन बसवण्याची) झालेली आहे. आपण विचारता, ‘वाईट ॲक्शनचा धोका मोठा की जुन्या दुखापतीचा?’

माझ्या मते या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हा हात किती इनिंग्ज (बेसबॉलचा सामना अशा नऊ डावांचा असतो) टिकेल, हा पहिला. त्या धोक्यापोटी समोरच्याने किंमत आधीच किती उतरवली आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कोणीही छातीठोकपणे देऊ शकत नाही. दुसऱ्याचे मात्र बऱ्यापैकी देता येते आणि सौद्यात त्याचाच उपयोग जास्त होतो.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात पदवी घेऊन अमेरिकेत आलो आणि गेली सतरा वर्षे मुख्यतः शाळा-कॉलेजांतील पिचरांचे खांदे आणि कोपरे हाताळतो आहे. आपल्यासारखीच एक लीगही खेळतो, आणि तिथे मी केलेल्या चुका दवाखान्यातल्या अनुभवापेक्षा कमी बोधप्रद नाहीत. तरीही दोन गोष्टी आधी कबूल करतो. या दोघांपैकी कोणालाही मी तपासलेले नाही आणि त्यांचे एमआरआय क्लबाबाहेर कोणी पाहिलेले नाहीत. शिवाय आपल्या लीगचे नियम निर्णायक आहेत. जायबंदी खेळाडूंसाठी वेगळ्या जागा किती आहेत, इनिंग्जना मर्यादा आहे का, आणि आपला संघ यंदा जिंकण्याच्या बेतात आहे की नव्याने बांधला जातो आहे, यावर उत्तर बदलते.

आता ॲक्शनविषयी. फास्टबॉल फेकताना हात मागे वळून जवळजवळ जमिनीला समांतर होतो आणि तिथून खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश या गतीने आतल्या बाजूस फिरतो. या क्षणी कोपराच्या आतील बाजू उघडू पाहते आणि तिला आवरून धरण्याचे काम एका लहानशा लिगामेंटकडे (हाडांना हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याकडे) असते. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे संशोधक ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत कोपरावरचा हा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर आला. मृतदेहांतील तेच लिगामेंट प्रयोगशाळेत साधारण त्याच्या निम्म्याच पिळाला तुटते. म्हणजे उरलेला भार मनगटाकडे जाणारे हाताचे स्नायू आणि सांध्याची हाडे वाटून घेतात. हे स्नायू थकले की त्यांच्या वाट्याचा भार लिगामेंटवर येतो. तरुण पिचरांवरील एका प्रसिद्ध अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पटींनी जास्त आढळली होती. दवाखान्यात मी प्रत्येक पालकाला हा आकडा सांगतो, आणि बहुतेक पालक तरीही पुढच्या शनिवारच्या स्पर्धेविषयी विचारतात.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक तुलना येथे उपयोगी पडेल. वेगवान गोलंदाजाला कोपर जवळजवळ सरळ ठेवावे लागते, त्यामुळे त्याचा भार कंबरेच्या मणक्यांवर जातो आणि तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. पिचर कोपर वाकवून झटक्याने सरळ करतो, म्हणून त्याचे कोपर आणि खांदा झिजतात. ‘बुमराची ॲक्शन विचित्र आहे आणि त्याची पाठ दुखावली, म्हणून विचित्र ॲक्शनचा पिचरही दुखावणार’ हा तर्क त्यामुळे इथे लागू पडत नाही.

ॲक्शन पाहून भविष्य सांगणाऱ्यांची फजिती सर्वांत ठळकपणे मार्क प्रायरच्या बाबतीत झाली. २००१ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नव्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेली निवड) शिकागो कब्जने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याची ॲक्शन निर्दोष म्हणून वाखाणली जात होती. २००३ मध्ये त्याने १८ सामने जिंकले, २४५ स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद केले), आणि २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च लीगमध्ये, पुन्हा कधीही फेकू शकला नाही. मग तीच ॲक्शन पाहून लोक सांगू लागले की त्याची दोन्ही कोपरे खांद्यांच्या वर जातात, उलट्या ‘डब्ल्यू’सारखा आकार होतो, आणि घात त्यातच होता. खरे पाहता २००३ च्या सप्टेंबरात त्याच्याकडून अनेक सामन्यांत १२० हून अधिक चेंडू फेकवून घेतले गेले, त्याच वर्षी तो मैदानात एका खेळाडूवर आदळला, आणि २००५ मध्ये फलंदाजाने मारलेला चेंडू थेट कोपरावर लागून हाड मोडले. इतक्या कारणांतून एकट्या ॲक्शनला वेगळे काढणे कोणालाही शक्य नाही.

उलट बाजूला ख्रिस सेल आहे. काटकुळा, लांब हातांचा, आडव्या फेकीचा सेल मोडणार असे २०१० च्या ड्राफ्टपासून सांगितले जात होते. २०१२ ते २०१७ ही सलग सहा वर्षे त्याने दरवर्षी १७० हून अधिक इनिंग्ज टाकल्या. मार्च २०२० मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली हे खरे आहे, परंतु दहा वर्षांनी खरे ठरणारे भाकीत फँटसी लीगमध्ये, किंवा कोणत्याही सौद्यात, काय कामाचे? तसाच टिम लिन्सकम. २००६ मध्ये नऊ संघांनी त्याला सोडून इतरांना निवडले, कारण शरीर लहान आणि ॲक्शन चाबकासारखी. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले, आणि २००८ व २००९ असे लागोपाठ दोन साय यंग पुरस्कार (वर्षातील सर्वोत्तम पिचरचे) त्याने मिळवले. पुढे त्याचा वेग ओसरला आणि २०१५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तीही खुब्यावर.

याचा अर्थ ॲक्शन निरर्थक आहे असा मी काढत नाही. पुढचा पाय जमिनीवर टेकण्याआधीच धड वळले तर हात मागे राहतो आणि कोपरावरचा पीळ वाढतो, हे मोजमापांतून दिसलेले आहे. आपल्या तरुण पिचरची चित्रफीत पाहायचीच असेल तर डोक्याचा झटका सोडून द्या आणि पाय टेकण्याच्या चौकटीवर ती थांबवा. त्या क्षणी हात वर आलेला असेल आणि छाती अजून तिसऱ्या बेसकडेच, म्हणजे फलंदाजाकडे न वळता बाजूलाच, असेल (तो उजव्या हाताने फेकत असल्यास), तर वेळ जुळते आहे. बाकीचे बरेचसे सौंदर्यशास्त्र आहे.

माझ्या कामात मात्र आदर्श ॲक्शनपेक्षा दुसरी तुलना फार उपयोगी ठरते, ती म्हणजे पिचरची त्याच्याच आधीच्या ॲक्शनशी. काही वर्षांपूर्वी एक कॉलेजचा डावखुरा पिचर मे महिन्यात माझ्याकडे आला. तक्रार काहीच नव्हती, प्रशिक्षकांनी नेहमीच्या तपासणीसाठी पाठवला होता. त्याला टेबलावर उताणे झोपवले, दंड बाजूला, कोपर काटकोनात, आणि कोनमापकाने खांदा मागे किती जातो व पुढे किती येतो हे दोन्ही बाजूंनी मोजले. फेकणारा खांदा मागे जास्त आणि पुढे कमी वळणे स्वाभाविक असते, परंतु दोन्हींची बेरीज दुसऱ्या खांद्याच्या आसपास असावी लागते. त्याची बेरीज बारा अंशांनी कमी भरली. मग फोनवर मार्चमधली आणि त्या आठवड्यातली चित्रफीत शेजारी शेजारी लावली, तेव्हा चेंडू सोडतानाचा हात एका मुठीएवढा खाली आलेला आणि पाऊल आखूड पडलेले दिसले. प्रशिक्षकांना ही नवी ॲक्शन ‘अधिक सैल आणि सहज’ वाटत होती, आणि दिसतही तशीच होती! जिथे दुखत होते ती जागा मुलगा नकळत टाळत होता. त्याच्या हाताच्या आतील स्नायूला ताण बसला होता. सहा आठवड्यांची विश्रांती पुरली, पण आणखी दोन सामने तसेच गेले असते तर पुरली असती असे मला वाटत नाही.

आपल्याकडे टेबल आणि कोनमापक नाही, परंतु त्यांच्या जवळपास जाणारी एक गोष्ट आहे. मेजर लीगच्या प्रत्येक मैदानात २०२० पासून हॉक-आय कॅमेरे आहेत, क्रिकेटमधल्या एलबीडब्ल्यूमुळे आपल्याला परिचित असलेलेच, आणि प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी व चेंडू हातातून सुटल्याची जागा बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. मी कोणताही पिचर घेण्यापूर्वी त्याचे शेवटचे पाच-सहा सामने काढून तीन गोष्टी पाहतो. वेग त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा सलग दोन-तीन सामने दीड मैलाने उतरला आहे का, चेंडू सोडण्याची उंची हळूहळू खाली सरकते आहे का, आणि स्लायडरसारखा (शेवटी आडवा वळणारा चेंडू) त्याचा हुकमी चेंडू तो अचानक कमी टाकू लागला आहे का. यांपैकी एक गोष्ट दिसली तर तिचे कारण हवामान किंवा डावपेच असू शकते. दोन एकत्र दिसल्या तर मी सौदा थांबवतो. बातम्यांमध्ये ‘फोरआर्म टाइटनेस’ (कोपराखालचा हात आखडणे) हे शब्द दिसले तर तेवढ्यानेही थांबवतो, कारण कोपराच्या लिगामेंटची तक्रार पुष्कळदा याच नावाने पहिल्यांदा बाहेर येते.

आता वेगाकडे येतो, कारण आपल्या प्रश्नात ९९ हा आकडा कौतुकाच्या यादीत आहे आणि माझ्या यादीत तो धोक्याच्या बाजूला आहे. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार फोर-सीम फास्टबॉलची (सर्वांत वेगवान, सरळ जाणाऱ्या चेंडूची) सरासरी २००८ मध्ये ९१.३ मैल होती, ती २०२४ मध्ये ९४.२ झाली, आणि जायबंदी यादीत जाणाऱ्या पिचरांच्या नोंदी २००५ मधील २१२ वरून २०२४ मध्ये ४८५ वर गेल्या. अहवालाने बोट ठेवले ते वेगाच्या हव्यासावर, चेंडूला अधिकाधिक वळण देण्याच्या खटाटोपावर आणि प्रत्येक चेंडू सर्व शक्तीनिशी टाकण्यावर. जेकब डीग्रॉम हे याचे जिवंत उदाहरण आहे. त्याची ॲक्शन इतकी सहज की तो जोर लावतो आहे असे वाटतच नाही. तिशी ओलांडल्यावर त्याचा वेग वाढत गेला, २०२१ मध्ये सरासरी ९९ मैलांवर पोहोचला, आणि त्याच वर्षी ९२ इनिंग्जवर हंगाम थांबला. टेक्सास रेंजर्सने त्याला पाच वर्षांसाठी १८.५ कोटी डॉलर दिले, आणि पहिल्या वर्षी सहा सामन्यांनंतर त्याची दुसरी टॉमी जॉन झाली. नेटकी ॲक्शन त्याला वाचवू शकली नाही, कारण स्नायू कितीही बळकट केले तरी लिगामेंट त्या प्रमाणात जाड होत नाही.

आपला तरुण पिचर ‘कधीच जायबंदी झालेला नाही’ या वाक्याचेही वजन तपासून घ्या. २३ व्या वर्षापर्यंत त्याने एका हंगामात जास्तीत जास्त किती इनिंग्ज टाकल्या? मायनर लीगमधल्या (मेजर लीगखालच्या पातळीवरच्या) मुलांकडून फार टाकून घेत नाहीत. शंभर-एकशेदहा इनिंग्जचा कोरा इतिहास हा टिकाऊपणाचा पुरावा ठरत नाही, परीक्षा अजून झालेली नाही इतकेच त्यातून कळते.

जुन्या दुखापतीच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की दुखापत नेमकी कुठे आणि कशाने झाली. शल्यविशारद फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हाताचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवला ते साल १९७४. तोपर्यंत अशी दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट होता. जॉनने त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकले. आज मेजर लीगमधील पाचांपैकी साधारण चार पिचर पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मेजर लीगमध्ये परततात, दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मात्र हे प्रमाण घटते. खांद्याची गोष्ट वेगळी. खांदा चारी दिशांना फिरतो, म्हणून त्याची दुरुस्तीही तितकीच नाजूक. योहान सांतानाच्या खांद्यावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली, २०१२ मध्ये त्याने १३४ चेंडूंत न्यूयॉर्क मेट्सचा पहिलावहिला नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला, आणि त्या हंगामानंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. कोपराच्या एका शस्त्रक्रियेसाठी मी किंमत थोडी उतरवतो, खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी निम्म्याहून खाली आणतो.

आणि यादीची नुसती लांबी पाहून घाबरू नका. सेलचे २०२२ आणि २०२३ आठवा. बरगडीला तडा, मारलेला चेंडू लागून मोडलेले बोट, सायकलवरून पडून मोडलेले मनगट, मग खांद्याच्या पात्यावरचा ताण. यांतील दोन गोष्टी तर निव्वळ दैवाच्या. बाजाराने सगळ्यांची एकच बेरीज केली. अटलांटा ब्रेव्ह्जने डिसेंबर २०२३ मध्ये बॉस्टनकडून एका तरुण इनफिल्डरच्या बदल्यात त्याला घेतले, वर बॉस्टनने पगाराचा काही भाग सोसला, आणि २०२४ मध्ये त्याने १८ सामने जिंकून साय यंग पुरस्कार मिळवला. मी स्वतः या बाबतीत शहाणा नव्हतो. जुलै २०१४ मध्ये मासाहिरो तनाकाचे लिगामेंट अंशतः फाटल्याची बातमी येताच, सहा महिन्यांत शस्त्रक्रिया ठरलेली आहे असे मित्रांना सांगून मी त्याला आमच्या लीगमध्ये जवळजवळ फुकट देऊन टाकले. न्यूयॉर्क यँकीजकडून तो त्यानंतर आणखी सहा हंगाम खेळला, लिगामेंटवर शस्त्रक्रिया न करता. आमच्या गटात अजूनही कोणी घाईने सौदा केला की ‘तनाका केला’ असे म्हणतात.

क्लबांकडे एमआरआय असतात, तरी तेही शेवटी किंमतच ठरवत असतात, कारण मुळीच न दुखणाऱ्या पिचरांच्या एमआरआयमध्येही झीज आणि बारीक चिरा सर्रास दिसतात. २०१४ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रेडी एकनचे लिगामेंट तपासणीत त्यांना वेगळे दिसले आणि त्यांनी देऊ केलेली रक्कम कमी केली. त्याने सही केली नाही, पुढच्या वर्षी त्याची टॉमी जॉन झाली, आणि सही न झाल्याच्या भरपाईत पुढच्या ड्राफ्टमध्ये मिळालेल्या क्रमांकावर ॲस्ट्रोजने ॲलेक्स ब्रेगमनला घेतले. बॉस्टनने जॉन लॅकीला ८.२५ कोटी डॉलरचा करार देताना याहून सुबक तोड काढली होती. जुन्या कोपरामुळे तो दीर्घकाळ बाहेर राहिला तर आणखी एक वर्ष किमान वेतनावर, असे कलमच घातले. तो २०१२ च्या संपूर्ण हंगामाला मुकला, आणि पुढे तो सेंट लुइसकडे गेल्यावर २०१५ मध्ये त्यांना त्याच कलमामुळे तो सुमारे पाच लाख डॉलरच्या मूळ पगारावर मिळाला.

फँटसी लीगमध्ये असे कलम घालता येत नाही, पण त्याच धाटणीचा सौदा करता येतो. येथवरचा हिशेब असा की आपल्याला खुपणारी ॲक्शन मी दुय्यम मानतो, ९९ चा वेग आणि न झालेली परीक्षा हा तरुण पिचरचा खरा धोका मानतो, आणि दुसऱ्याची तीन वर्षांपूर्वीची कोपराची शस्त्रक्रिया हा बाजाराने कदाचित गरजेपेक्षा जास्त वजा केलेला धोका मानतो. लीगमध्ये हेही लक्षात ठेवा की पूर्णपणे बाहेर गेलेला पिचर आपले तितके नुकसान करत नाही. त्याची जागा मोकळी होते आणि बदली घेता येतो. दुखत असताना दीड महिना मार खात राहणारा पिचर हंगाम बुडवतो, आणि तसा पिचर वरच्या तीन खुणांनी आधी ओळखता येतो.

आपण यंदा जिंकण्याच्या बेतात असाल तर ३१ वर्षांचा घ्या, फक्त त्याचा वेग शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्याच्या स्वतःच्या वेगाच्या मैलभर आत परतला आहे आणि गेल्या हंगामात त्याने दीडशे इनिंग्ज टाकल्या आहेत, एवढे तपासून. संघ नव्याने बांधत असाल तर तरुण घ्यायला माझी हरकत नाही, परंतु एकास एक नको. त्याच्याबरोबर आणखी एखादा पिचर मागा, मग तो शस्त्रक्रियेतून सावरत असलेला का असेना. शेन बीबर एप्रिल २०२४ च्या टॉमी जॉननंतर अजून मैदानात परतायचा होता, तेव्हाच जुलै २०२५ मध्ये टोरोंटोने एक नवोदित पिचर देऊन त्याला घेतले, आणि ऑक्टोबरात तो त्यांच्यासाठी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, फेकत होता. अशा पिचरांना समोरचा मालक सहसा कंटाळलेला असतो.

सही करण्यापूर्वी आणखी एक पाहा. हा प्रस्ताव आपल्याकडे कोणत्या तारखेला आला, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात या दोघांपैकी कोणाचा सामना पुढे ढकलला गेला होता का? तसे असेल तर त्याचा पुढचा सामना होईपर्यंत उत्तर देऊ नका.